मत्स्याहार, पचन आणि प्रतिऑक्सिडीकारक पेप्टाइडे : एका वैज्ञानिक संकल्पनेचा ऐतिहासिक मागोवा

गोषवारा : मासे व मत्स्यजन्य पदार्थ यांच्या पचनातून मुक्त होणारी काही पेप्टाइडे ऑक्सिडीभवनास प्रतिबंध करतात, हे विधान गेल्या तीन दशकांत अन्नविज्ञानात रूढ झाले आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या विधानाच्या सत्यासत्यतेपेक्षा त्याच्या घडणीचा इतिहास तपासला आहे. पचनाचे शरीरक्रियाशास्त्र आणि मेदाच्या खवटपणाचे रसायनशास्त्र या दोन स्वतंत्र परंपरा विसाव्या शतकाच्या अखेरीस एकत्र आल्या व त्यातून ही संकल्पना जन्मली. परीक्षानळीतील गुणधर्म आणि शरीरातील परिणाम यांतील अंतर आजही पूर्णपणे का मिटलेले नाही, याचे उत्तर या दुहेरी वंशावळीत सापडते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : पचन, पेप्टाइड, प्रतिऑक्सिडीकारक, मत्स्यप्रथिने, विज्ञानाचा इतिहास.

प्रस्तावना

विज्ञानाच्या इतिहासात संकल्पनांचे स्थलांतर हा महत्त्वाचा विषय आहे. एखादी संज्ञा एका शास्त्रशाखेत विशिष्ट प्रश्नाच्या उत्तरादाखल जन्मास येते. कालांतराने ती दुसऱ्या शाखेत प्रवेश करते आणि तिथे तिच्या मूळ मर्यादांचे विस्मरण होते. ‘प्रतिऑक्सिडीकारक’ ही अशीच एक संज्ञा होय. आज ती औषधाच्या दुकानातील डब्यांवर, वर्तमानपत्रांतील आरोग्यविषयक सदरांत आणि महाविद्यालयीन प्रकल्पांच्या शीर्षकांत सर्रास आढळते. माशांच्या संदर्भात तिचा वापर ‘पेप्टाइड’ या दुसऱ्या संज्ञेच्या जोडीने होतो. अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांना पेप्टाइड म्हणतात. मोठ्या प्रथिनाचे पचन होत असताना ही पेप्टाइडे मुक्त होतात.

मासा खाल्ल्यावर पोटात नेमके काय घडते, त्यातून कोणते घटक मुक्त होतात, त्यांपैकी किती रक्तापर्यंत पोहोचतात आणि तिथे ते काय करतात, हे चार निरनिराळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या देशांत आणि निरनिराळ्या हेतूंनी शोधली गेली. त्या शोधाचा क्रम पुढे मांडला आहे.

१. जठरातील प्रयोगशाळा

पचन ही यांत्रिक दळणाची क्रिया आहे की रासायनिक, हा अठराव्या शतकातील वादाचा विषय होता. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी १७५२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एका शिकारी पक्ष्याला मांस भरलेल्या धातूच्या नळ्या गिळावयास लावल्या. नळीमुळे मांसावर दाब पडणे शक्य नव्हते, तरीही ते विरघळले. इटालियन संशोधक स्पालान्झानी यांनी हेच प्रयोग पुढे नेले आणि स्वतःही अन्नाच्या पुरचुंड्या गिळल्या. जठररस हा द्रावक आहे, हे या प्रयोगांनी सिद्ध झाले.

मानवी पचनाचा सर्वांत प्रसिद्ध अभ्यास मात्र एका अपघातातून घडला. ६ जून १८२२ रोजी उत्तर अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार लागला. लष्करी शल्यविशारद विल्यम बोमाँट यांच्या उपचारांनी तो वाचला, परंतु त्याच्या जठराला बाहेरून एक छिद्र कायमचे राहिले. बोमाँट यांनी त्याला आपल्याकडे नोकरीस ठेवून त्या छिद्रातून अनेक वर्षे निरीक्षणे केली व १८३३ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. आजच्या संशोधन-नीतीच्या कसोटीवर हा मालक-नोकर संबंध टिकणार नाही, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

बोमाँट यांच्या ग्रंथातील पचनकालाच्या कोष्टकात माशांना ठळक स्थान आहे. उकडलेला ताजा ट्राउट मासा दीड तासात, उकडलेला सुका कॉड दोन तासांत, तर खारवलेला सामन चार तासांत जठरातून विरघळून गेल्याची नोंद त्यात आढळते. भाजलेल्या डुकराच्या मांसास सव्वापाच तास लागले. मत्स्यप्रथिन सुलभतेने पचते आणि खारवण्याने त्याच्या पचनात फरक पडतो, या दोन्ही गोष्टी पेप्टाइडांचे नावही अस्तित्वात नसताना नोंदल्या गेल्या होत्या.

२. ‘पेप्टोन’पासून ‘पेप्टाइड’पर्यंत

१८३६ साली थिओडोर श्वान यांनी जठररसातील पेप्सिन हे विकर वेगळे काढले. १८७६ मध्ये विल्हेल्म क्यूने यांनी स्वादुपिंडातील ट्रिप्सिनचे वर्णन केले. या विकरांच्या क्रियेने प्रथिनापासून तयार होणाऱ्या विद्राव्य मिश्रणास ‘पेप्टोन’ म्हणत. मात्र पेप्टोन म्हणजे नेमके काय, याबद्दल एकोणिसाव्या शतकात संदिग्धता होती. एमिल फिशर यांनी १९०१ साली दोन ग्लायसिन रेणू जोडून ग्लायसिल-ग्लायसिन तयार केले आणि पुढच्याच वर्षी अशा साखळ्यांसाठी ‘पेप्टाइड’ ही संज्ञा रूढ केली. पेप्टोनवरूनच हे नाव आले.

योगायोग असा की, पेप्टाइडांना नाव मिळाले त्याच सुमारास शरीरक्रियाशास्त्रातून त्यांची हकालपट्टीही झाली. १९०१ मध्ये ओटो कोनहाइम यांना आतड्यात पेप्टोनचे अमिनो आम्लांपर्यंत विघटन करणारे ‘इरेप्सिन’ सापडले. १९०२ मध्ये ओटो लोवी यांनी प्रथिनांऐवजी त्यांची विघटित द्रव्ये देऊनही प्राण्याचा नत्रसमतोल राखता येतो, हे दाखविले. १९१२ पर्यंत रक्तातील अमिनो आम्लांचे मापन शक्य झाले. प्रथिन पूर्णपणे अमिनो आम्लांत मोडते आणि केवळ तीच शोषली जातात, असा सिद्धांत यातून दृढ झाला. पुढील सुमारे पन्नास वर्षे पाठ्यपुस्तकांत हाच सिद्धांत शिकविला गेला. या सिद्धांतानुसार मासा, डाळ आणि दूध यांच्यात अमिनो आम्लांच्या प्रमाणापलीकडे भेद उरत नाही. पचनातून मुक्त होणाऱ्या पेप्टाइडांना स्वतंत्र कार्य असेल, हा प्रश्नच त्यामुळे निरर्थक ठरत होता.

३. खवटपणाचे रसायनशास्त्र

दुसरी परंपरा शरीराबाहेरची आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये अॅक्रोलिन हा दाहक पदार्थ अश्रुवायू म्हणून वापरण्यात येई, परंतु हवेच्या संपर्कात तो टिकत नसे. शार्ल मुरू आणि शार्ल द्युफ्रेस यांनी या अडचणीचा अभ्यास करताना असे दाखविले की, हायड्रोक्विनोनसारख्या पदार्थाचा अत्यल्प अंशही ऑक्सिडीभवन रोखू शकतो. १९२० च्या दशकात त्यांनी हा विषय विस्ताराने मांडला. रबर, इंधनतेल आणि खाद्य मेद या तिन्ही उद्योगांना या ज्ञानाचा उपयोग झाला. विसाव्या शतकाच्या मध्यापासून बीएचए व बीएचटी ही कृत्रिम प्रतिऑक्सिडीकारके खाद्यतेलांत वापरली जाऊ लागली. म्हणजेच ही संज्ञा मुळात साठवणुकीच्या शास्त्रातील होती.

माशांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष तीव्र आहे. मत्स्यतेलातील ईपीए व डीएचए या मेदाम्लांत अनुक्रमे पाच व सहा द्विबंध असतात. द्विबंधांची संख्या जितकी अधिक, तितके ऑक्सिडीभवन सुलभ. ज्या घटकांमुळे मासा आरोग्यदायी मानला जातो, त्याच घटकांमुळे तो लवकर खवट होतो. मत्स्यप्रथिनांतील प्रतिऑक्सिडीकारक गुणांचा शोध प्रारंभी या खवटपणावर उपाय म्हणूनच घेतला गेला, ही बाब पुढील विवेचनासाठी निर्णायक आहे.

४. संज्ञेचा देहप्रवेश

शरीरात स्वाभाविकपणे आढळणारी काही पेप्टाइडे आधीच ज्ञात होती. १९०० साली व्लादिमीर गुलेविच यांनी मांसाच्या अर्कातून कार्नोसिन हे द्विपेप्टाइड वेगळे केले. १९२१ मध्ये केंब्रिजच्या फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांनी ग्लुटाथायोन विलग केले. त्याची त्रिपेप्टाइड रचना १९२९ मध्ये निश्चित झाली. त्याच वर्षी हंसाच्या स्नायूंतून अँसेरिन मिळाले. हंसावरून नाव मिळालेले हे द्विपेप्टाइड ट्यूना व सामन यांच्या स्नायूंतही विपुल असते.

परंतु ही पेप्टाइडे ऑक्सिडीभवनापासून संरक्षण करतात, या विचारास पार्श्वभूमी लाभली ती १९५० नंतर. रेबेका गर्शमन व सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये ऑक्सिजनची विषाक्तता आणि क्ष-किरणांची हानी यांच्या मुळाशी मुक्त मूलक असावेत, असे प्रतिपादन केले. १९५६ मध्ये डेनहॅम हार्मन यांनी वार्धक्याचा मुक्त मूलक सिद्धांत मांडला. १९६९ मध्ये मॅकॉर्ड व फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिस्म्युटेज या विकराचे कार्य उलगडले, तेव्हा शरीराला मुक्त मूलकांविरुद्ध स्वतःची संरक्षणव्यवस्था आहे हे मान्य झाले. १९८८ मध्ये ब्रूस एम्स यांच्या गटाने कार्नोसिन व अँसेरिन यांची प्रतिऑक्सिडीकारक क्रिया दाखविली. उद्योगातील संज्ञा आता देहात शिरली होती.

५. आतड्याचे बंद दार उघडले

दरम्यान पचनशास्त्रातील जुना सिद्धांतही ढासळत होता. १९५९-६० मध्ये न्यूवी व स्मिथ यांनी द्विपेप्टाइड आतड्याच्या पेशीत अखंड स्वरूपात प्रवेश करू शकते, याचा पुरावा दिला. हार्टनप नावाच्या आनुवंशिक विकारात काही अमिनो आम्लांचे आतड्यातील शोषण बिघडलेले असते. अशा रुग्णांत तीच अमिनो आम्ले द्विपेप्टाइडाच्या रूपात शोषली जातात, असे १९७० च्या सुमारास आढळले. १९९४ मध्ये पेप्ट-१ या वाहक प्रथिनाचे जनुक विलग झाल्यावर वादाचा निकाल लागला. हा वाहक दोन किंवा तीन अमिनो आम्लांची साखळी स्वीकारतो, त्याहून लांब साखळी मात्र स्वीकारत नाही. दार उघडले खरे, पण ते अरुंदच होते.

अन्नप्रथिनातून मिळणाऱ्या पेप्टाइडांना पोषणाव्यतिरिक्त कार्य असू शकते, हे प्रथम दुधाच्या बाबतीत दिसले. १९५० मध्ये स्वीडनचे मेलँडर यांनी केसिनपासून मिळणाऱ्या फॉस्फोपेप्टाइडांचा अस्थींच्या कॅल्सीभवनाशी संबंध जोडला आणि १९७९ मध्ये केसिनमधूनच अफूसदृश क्रियेची पेप्टाइडे मिळाली. प्रथिन हे सुप्त संदेशांचे भांडार आहे व पचन ते संदेश मुक्त करते, अशी नवी दृष्टी यातून आली.

६. मासा प्रयोगशाळेत

ही नवी दृष्टी आणि खवटपणाचे शास्त्र यांचा संगम माशावर झाला, त्यास आर्थिक कारण होते. माशाचे काप काढल्यावर डोके, कातडी, काटे व खवले यांचा मोठा हिस्सा टाकाऊ ठरतो. या उरलेल्या भागातील प्रथिनास मोल मिळवून देणे ही मत्स्योद्योगाची गरज होती.

जपानमध्ये १९९२ साली सुकविलेल्या बोनिटो माशाच्या प्रथिनापासून रक्तदाबाशी संबंधित विकरास रोखणारी पेप्टाइडे मिळाली. त्याच्या आदल्याच वर्षी जपानने विशिष्ट आरोग्योपयोगी अन्नासाठी शासकीय मान्यतेची पद्धत सुरू केली होती. १९९५ मध्ये जपानी संशोधकांनी सोयाबीनच्या प्रथिनातून प्रतिऑक्सिडीकारक पेप्टाइडे विलग केली व हिस्टिडिनसारख्या अमिनो आम्लांचे त्यातील महत्त्व दाखविले. त्याच वर्षी कॅनडातील न्यूफाउंडलंड येथे फेरिदून शाहिदी व सहकाऱ्यांनी केपलिन या लहान माशाच्या विच्छेदित प्रथिनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हे प्रथिन मांसात मिसळून मेदाचे ऑक्सिडीभवन किती कमी होते, हे पाहिले होते. येथे खाणाऱ्याचे शरीर विषयकक्षेतच नव्हते.

२००१ मध्ये दक्षिण कोरियातील बुसान येथील से-क्वोन किम यांच्या गटाने अलास्का पोलॅक माशाच्या कातडीतील जिलेटिनपासून १३ व १६ अमिनो आम्लांची दोन प्रतिऑक्सिडीकारक पेप्टाइडे विलग केली. २००५ मध्ये याच गटाने ‘होकी’च्या कातडीतून सात अमिनो आम्लांचे पेप्टाइड मिळविले. त्याची क्रिया बीएचटीच्या जवळपास जाणारी होती व संवर्धित यकृतपेशींतील संरक्षक विकरांची पातळीही त्याने वाढल्याचे नोंदले गेले. या संशोधनात होकी या व्यापारी नावापुढे ‘जॉनियस बेलेंजेरी’ हे शास्त्रीय नाव येते. वस्तुतः न्यूझीलंडचा होकी हा ‘मॅक्रुरोनस’ प्रजातीतील मासा होय. जॉनियस प्रजातीतील मासे आपल्या किनाऱ्यावर ‘ढोमा’ या नावाने ओळखले जातात. मत्स्यपेप्टाइडांचा अभ्यास करणाऱ्याने रसायनाइतकेच लक्ष माशाच्या ओळखीकडेही का द्यावे, हे यावरून ध्यानात येते.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील काम वेगळ्या कारणाने लक्षणीय आहे. पॅसिफिक हेक या माशात राहणाऱ्या एका परजीवीच्या विकरांमुळे त्याचे मांस मऊ पडते व बाजारात त्यास भाव मिळत नाही. समरनायक व ली-चॅन यांनी २००८ मध्ये याच दोषाचा उपयोग करून, बाहेरून विकर न घालता, प्रतिऑक्सिडीकारक विच्छेदित प्रथिन तयार केले. २०१० मध्ये त्यांच्या गटाने हे प्रथिन कृत्रिम जठररस व आंत्ररस यांतून नेऊन पुढे कॅको-२ या संवर्धित पेशींच्या थरातून पार होते का, हे तपासले. कारखान्यात तयार झालेले पेप्टाइड आणि पचनातून तयार झालेले पेप्टाइड यांतील भेद येथे स्पष्टपणे विचारात घेतला गेला.

७. परीक्षानळी आणि देह

प्रतिऑक्सिडीकारक क्षमतेच्या मापनपद्धती बहुतांशी रासायनिक आहेत. डीपीपीएच या जांभळ्या मुक्त मूलकाचा रंग किती फिका पडतो, यावर आधारलेली पद्धत १९५८ मध्ये ब्लॉइस यांनी मांडली. आपल्या महाविद्यालयांतही ती सुलभतेमुळे लोकप्रिय आहे. परंतु डीपीपीएच मानवी शरीरात नसते. अशाच प्रकारच्या ‘ओरॅक’ पद्धतीने मिळालेल्या अन्नपदार्थांच्या मूल्यांचे कोष्टक अमेरिकेच्या कृषिखात्याने २०१२ मध्ये मागे घेतले, कारण या आकड्यांचा आरोग्यावरील परिणामाशी संबंध प्रस्थापित झालेला नसताना विक्रेते त्यांचा जाहिरातीसाठी उपयोग करीत होते.

याहून गंभीर इशारा १९९४ मध्ये मिळाला होता. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीत बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळले. बीटा-कॅरोटिन पेप्टाइड नव्हे, त्यामुळे हा निष्कर्ष माशांच्या पेप्टाइडांवर थेट लादता येणार नाही. तथापि परीक्षानळीतील गुणावरून शरीरातील लाभ गृहीत धरता येत नाही, हे पद्धतिशास्त्रीय तत्त्व त्यातून निश्चितच प्रस्थापित होते.

पेप्टाइडांपुढे तीन अडथळे असतात. पहिला पचनाचा. पेप्सिन व ट्रिप्सिन यांच्या तडाख्यात लांब साखळी टिकेलच असे नाही; उलट निष्क्रिय साखळीतून सक्रिय तुकडा सुटण्याचीही शक्यता असते. दुसरा शोषणाचा. १३ किंवा १६ अमिनो आम्लांचे पेप्टाइड पेप्ट-१ मधून जाऊ शकत नाही. तिसरा रक्तातील विकरांचा. गोमांस खाल्ल्यावर कार्नोसिन मानवी रक्तात येते व काही तासांत नाहीसे होते, हे २००५ मध्ये दिसून आले. त्याच वर्षी जपानी संशोधकांनी जिलेटिनच्या सेवनानंतर प्रोलिल-हायड्रॉक्सिप्रोलिन हे द्विपेप्टाइड मानवी रक्तात मोजले, आणि २००७ मध्ये माशाची कातडी व खवले यांच्या जिलेटिनबाबतही अशा पेप्टाइडांची नोंद झाली. हा पुरावा मोलाचा आहे. मात्र एखादे पेप्टाइड रक्तात आढळणे आणि त्याने तिथे ऑक्सिडीभवन रोखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

या गोंधळात शिस्त आणण्याचे श्रेय ‘इन्फोजेस्ट’ या आंतरराष्ट्रीय संशोधकजाळ्यास द्यावे लागेल. प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या सोयीने कृत्रिम पचन घडवीत असल्याने निष्कर्षांची तुलना अशक्य होती. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व २०१९ मध्ये सुधारलेल्या सामाईक पद्धतीत तोंडातील टप्पा दोन मिनिटांचा, जठरातील टप्पा सामू ३ असताना दोन तासांचा आणि आतड्यातील टप्पा सामू ७ असताना दोन तासांचा ठरविला गेला. याच सुमारास, २०१५ मध्ये, पोलंड व नॉर्वे येथील संशोधकांनी कार्प माशाच्या स्नायूंचे पचन मानवी पाचकरस वापरून केले. बोमाँट यांच्यानंतर पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी मानवी जठररस आणि मासा पुन्हा एकत्र आले. या वेळी दात्यांच्या संमतीचा प्रश्न डावलता येणार नव्हता.

एक शक्यता मात्र अजून पुरेशी चर्चिली गेलेली नाही. २००१ मध्ये कॅनर व लॅपिडॉट यांनी जठर हे स्वतःच एक रासायनिक संयंत्र असून अन्नातील मेदाचे ऑक्सिडीभवन तिथेही चालते, असे दाखविले. तसे असल्यास माशाचे तेल आणि त्याच माशाच्या प्रथिनातून सुटणारी पेप्टाइडे जठरात एकाच वेळी उपस्थित असतात. पेप्टाइडांचे कार्य शोषणापूर्वी, पचनमार्गाच्या पोकळीतच घडत असेल, तर वरील तीनपैकी दोन अडथळे गैरलागू ठरतात. खवटपणाचे जुने रसायनशास्त्र येथे अधिक सरळपणे लागू पडेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

८. एक मराठी दुवा

या इतिहासाशी महाराष्ट्राचा संबंध कमला सोहोनी यांच्या रूपाने येतो. पूर्वाश्रमीच्या कमला भागवत यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंब्रिज येथे हॉपकिन्स यांच्या विभागात संशोधन केले. वनस्पतिपेशींतील सायटोक्रोम-सी या ऑक्सिडीभवनाशी निगडित घटकावरील प्रबंधास १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी भारतीय खाद्यपदार्थांतील ट्रिप्सिनरोधकांचा, म्हणजेच प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणाऱ्या घटकांचा अभ्यास केला. ऑक्सिडीभवन आणि प्रथिनपचन हे या निबंधातील दोन्ही प्रवाह त्यांच्या कार्यात भेटतात. त्यांनी माशांवर संशोधन केले असे येथे सुचवावयाचे नाही. तथापि निवृत्तीनंतर ग्राहक चळवळीत उतरून त्यांनी अन्नभेसळीविषयी लोकशिक्षण केले, ही बाब आजच्या संदर्भात विशेष अर्थपूर्ण वाटते. प्रयोगशाळेतील ज्ञान ग्राहकापर्यंत कोणत्या रूपात पोहोचते, याची जबाबदारी शास्त्रज्ञाचीही आहे, हा त्यामागील विचार होता.

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये बोनिटो पेप्टाइडाच्या रक्तदाबविषयक दाव्यात कार्यकारणसंबंध सिद्ध होत नसल्याचे मत दिले. जपानमध्ये आशेने सुरू झालेल्या संशोधनधारेतील एका उत्पादनाचा दावा युरोपात असा अपुरा ठरला. भारतात २०१६ मध्ये पोषक-औषधी पदार्थांसाठी स्वतंत्र नियम झाले. मात्र नियमांची अंमलबजावणी पुराव्याच्या आकलनावर अवलंबून असते, आणि ते आकलन घडविण्याचे काम महाविद्यालयांचे आहे.

निष्कर्ष

१. मत्स्यजन्य प्रतिऑक्सिडीकारक पेप्टाइडांची संकल्पना पचनाचे शरीरक्रियाशास्त्र आणि मेदाच्या साठवणुकीचे रसायनशास्त्र या दोन परंपरांच्या संयोगातून निर्माण झाली.

२. मासे व अन्य मांस टिकविण्यासाठी या पेप्टाइडांच्या उपयुक्ततेस प्रायोगिक आधार आहे. पचनातून अशी पेप्टाइडे मुक्त होतात, यासही आधार आहे. मानवी शरीरातील ऑक्सिडीभवनाशी निगडित रोगांवर त्यांचा परिणाम होतो, हा दावा मात्र या दोहोंवरून आपोआप सिद्ध होत नाही.

३. केवळ डीपीपीएचसारख्या चाचणीवर विसंबलेल्या प्रकल्पांनी आरोग्यविषयक निष्कर्ष काढू नयेत. किमान प्रमाणित कृत्रिम पचनानंतरची क्रिया मोजावी आणि माशाची शास्त्रीय ओळख काटेकोरपणे नोंदवावी.

४. कोकण किनाऱ्यावर मासा एकटा खाल्ला जात नाही. आमसूल, हळद, नारळ आणि भात यांच्या सोबतीने तो पोटात जातो. सुके बोंबील, ढोमा यांसारख्या स्वस्त माशांचे, प्रत्यक्ष जेवणातील मिश्रणासह, प्रमाणित पद्धतीने पचन अभ्यासणे किनारपट्टीवरील महाविद्यालयांना मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेसारख्या संस्थांच्या सहकार्याने शक्य आहे. बोमाँट यांच्या कोष्टकात सुक्या कॉडला जागा मिळाली. आपल्या सुक्या माशांचे असे कोष्टक तयार होणे हे या विषयातील पुढचे आवश्यक काम होय.